हॅम रेडिओ: आधी कान, मग तार, रेडिओ शेवटी

हॅम रेडिओच्या नादाला लागलेला माणूस बहुतेक वेळा उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आधी रेडिओ घेतो, मग परवान्याची चौकशी करतो, अँटेना म्हणून हाताशी असेल ती तार खिडकीबाहेर सोडतो, आणि हेडफोन लावून बसला की खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. रेडिओ चांगलाच असतो. कानाला सवय नसते आणि तार चुकीची असते. म्हणून इथे क्रम वेगळा धरला आहे: आधी ऐकायचं, त्याच काळात परवाना मिळवायचा, स्वतःच्या हातानं अँटेना टांगायची आणि रेडिओ शेवटी निवडायचा.

ज्याला हे सगळं नवीन आहे त्याच्यासाठी दोन ओळी. परवानाधारक हौशी माणसांनी ठरवून दिलेल्या पट्ट्यांमध्ये, धंद्याचा हेतू न ठेवता, स्वतःच्या संचावरून एकमेकांशी संपर्क साधायचा, एवढाच हा खेळ. शॉर्टवेव्हवर मधे टॉवर नाही, कंपनी नाही. तुमची तार, वरचं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, जो लहरी परत खाली वळवतो) आणि समोरच्याची तार.

ऐकणं

पहिले काही आठवडे काहीही विकत घेऊ नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून चालवता येणारा रिसीव्हर, २००८ मध्ये इंटरनेटवर सुरू झाला. ब्राउझर उघडा आणि तिथला रिसीव्हर हवा तसा फिरवा. किवीएसडीआर नावाचे असेच रिसीव्हर जगभरच्या हौशी लोकांनी सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यातला तुम्हाला सगळ्यात जवळचा निवडा, कारण तिथे जे ऐकू येतं साधारण तेच उद्या तुमच्या तारेवर येणार आहे.

सुरुवात ४० मीटर बँडवर करा. ७.१०० ते ७.२०० मेगाहर्ट्झ (बँडचं नाव तरंगलांबीवरून पडतं), मोड एलएसबी. आवाजाच्या संपर्कासाठी १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड) आणि वर यूएसबी (अपर साइडबँड, संगणकाच्या यूएसबीशी संबंध नाही) असा जुना प्रघात आहे. मोड चुकला तर कितीही फिरवा, शब्द कळत नाही. एलएसबीवर बोलणारा चिरका ऐकू आला तर डायल थोडी खाली आणा, घोगरा ऐकू आला तर वर न्या. यूएसबीवर हेच नेमकं उलटं. पाव-अर्ध्या किलोहर्ट्झच्या फरकानं माणसाचा आवाज माणसासारखा होतो, तेव्हा १० हर्ट्झच्या पायऱ्यांनी हळू फिरवा. १ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी भराभर पुढे जाणाऱ्याला बँड नेहमीच रिकामा वाटतो.

वेळ फार महत्त्वाची. दिवसा सूर्यामुळे आयनांबराचा खालचा, डी नावाचा थर जागा असतो आणि तो खालच्या बँडच्या लहरी गिळतो. म्हणून ८० मीटर भर दुपारी जवळपास मेलेला असतो आणि ४० मीटर काहीशे किलोमीटरपुरता चालतो. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि त्याच ४० मीटरवर हजारो किलोमीटरवरची स्टेशनं येऊ लागतात. २०, १५ आणि १० मीटर बँडचं गणित उलटं: त्यांना वरचा एफ थर सूर्यप्रकाशानं चांगला विद्युतभारित झालेला लागतो, म्हणून ते मुख्यतः दिवसाचे. त्यातही १५ आणि १० मीटरची चलती सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राच्या भर काळात असते. एकाच बँडवर सकाळी, दुपारी आणि रात्री दहा-दहा मिनिटं ऐकलंत तर हे पुस्तकातून वाचण्याची गरज उरत नाही.

एक गोष्ट मुद्दाम शोधून ऐका. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातली १८ बीकन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप प्रसारण करणारी केंद्रं, एका मागोमाग एक बोलतात. प्रत्येकाला १० सेकंद, अशी तीन मिनिटांत एक फेरी. रिसीव्हर सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सच्या मोडवर ठेवा. प्रत्येक बीकन आधी मोर्समध्ये आपली कॉल साइन (स्टेशनची अक्षर-आकड्यांतली ओळख) पाठवतं आणि मग एकेका सेकंदाचे चार लांब सूर. कॉल साइन आणि पहिला सूर १०० वॉटचा, दुसरा १० वॉटचा, तिसरा १ वॉटचा आणि चौथा फक्त ०.१ वॉटचा. बँड चांगला असेल त्या दिवशी हजारो किलोमीटरवरून १ वॉटचा सूरही स्पष्ट येतो. ज्याला मोठ्या पॉवरची ओढ लागली आहे त्यानं हे आधी ऐकावं. अमुक क्षणी कोणतं बीकन बोलतंय याचं वेळापत्रक ठरलेलं आहे, त्यामुळे मोर्स येत नसलं तरी घड्याळावरून ओळखता येतं. अधूनमधून एखादं बंद असतं, तेव्हा दहा सेकंद शांतता आली तर गोंधळू नका.

ऐकलेलं वहीत उतरवा: तारीख, यूटीसी (जगभर एकच धरलेली) वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन, सिग्नल किती जोरात. कॉल साइनची सुरुवात देश सांगते: जेए जपान, डीएल जर्मनी, व्हीके ऑस्ट्रेलिया, ४एस श्रीलंका. स्थानिक वेळेत नोंद ठेवण्याचा मोह टाळा. पुढे समोरच्याशी नोंद जुळवताना तीच पहिली अडचण होते.

परवाना

प्रसारण करायला प्रत्येक देशात परवाना लागतो, आणि परीक्षा, वर्ग, वयाची अट, कोणता बँड कोणाला हे त्या त्या देशाची नियामक संस्था ठरवते. तेव्हा त्यांचंच चालू नियमपत्रक वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. ऐकण्याचे नियमही त्यातच बघून घ्या. आंतरराष्ट्रीय पातळीवर मोर्सची सक्ती २००३ मध्ये उठली, मात्र काही देशांत काही वर्गांसाठी ती आजही मागतात.

अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी सारख्याच गोष्टींचा असतो: ओहमचा नियम, लहरी कशा प्रवास करतात, नियम, सुरक्षितता. दोन गोष्टी मात्र घोकून नव्हे, हातानं गणितं करून पक्क्या करा. एक, ३०० भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे मीटरमधली तरंगलांबी. दोन, डेसिबल. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट, आणि एस-मीटरचं (रेडिओवरच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचं) एक घर म्हणजे ६ डेसिबल, अर्थात चौपट पॉवर. आता ५ वॉटवरून १०० वॉटवर गेलात तर वाढ झाली १३ डेसिबलची. समोरच्याच्या मीटरवर दोन घरांपेक्षा किंचित जास्त. हा हिशेब ज्याला जमला तो खर्च कुठे करायचा हे बरोबर ठरवतो.

तार

पहिली अँटेना म्हणून ४० मीटर बँडचा डायपोल (मधे केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार), मध्य उंच आणि टोकं खाली, म्हणजे उलट्या व्हीच्या आकारात. एकच आधार लागतो, सामान साधं आहे आणि चुकलं तर कळतं.

सामान असं:

- १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची बहुपदरी, वेष्टणवाली तांब्याची तार, २२ मीटर
- ५० ओहमची कोॲक्स केबल (मधे एक तार आणि भोवती जाळी असलेली), आरजी-५८ किंवा त्याहून जाड, लागेल तेवढी
- मध्यासाठी साधारण १० सेंटिमीटर लांबीचा जाड प्लास्टिकचा तुकडा आणि एक एसओ-२३९ सॉकेट
- टोकांसाठी दोन इन्सुलेटर, पीव्हीसी पाइपचे भोकं पाडलेले तुकडेही चालतात
- उन्हाला टिकणारी पॉलिएस्टरची दोरी
- ३१ नंबर मिश्रणाची, ६१ मिलिमीटर बाह्य व्यासाची एक फेराइट रिंग
- आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप

लांबीचं सूत्र: १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे पूर्ण डायपोलची मीटरमधली लांबी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.१४ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७ मीटर. पण तार एवढी कापू नका. प्रत्येक बाजू १०.४ मीटर भरेल, शिवाय बांधायला थोडी उरेल अशी ठेवा. सूत्र मोकळ्या हवेतल्या उघड्या तारेचं आहे. वेष्टण, जमिनीची जवळीक आणि व्हीचा कोन या सगळ्यांनी आकडा सरकतो. कापलेली तार वाढवता येत नाही.

मध्याच्या प्लास्टिकला सॉकेट बसवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडून तार त्यातून विणून घ्या, म्हणजे ओढ प्लास्टिकवर येईल, सोल्डरच्या जोडावर नाही. नुसत्या सोल्डरवर लटकवलेली तार वाऱ्यात हलत राहते आणि नेमकी सोल्डर जिथे संपतं तिथे तुटते, कारण सोल्डर शोषलेले तांब्याचे पदर ताठ होतात. एक बाजू सॉकेटच्या मधल्या पिनला, दुसरी बाहेरच्या अंगाला.

मध्याच्या लगेच खाली कोॲक्सचे ११-१२ वेढे फेराइट रिंगमधून घ्या. हा चोक. तो नसेल तर केबलच्या जाळीची बाहेरची बाजूही अँटेनाचा भाग बनते. मग घरातला सगळा गोंगाट केबलवाटे रिसीव्हरमध्ये येतो आणि प्रसारण करताना मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो. चोकला सुट्टी देऊन पुढे महिनोन्महिने गोंगाटाचं मूळ शोधत बसणारे पुष्कळ आहेत.

कनेक्टरवर खालून वर टेप गुंडाळा, ओढून, अर्धा-अर्धा पदर चढवत. पाणी वरून शिरतं आणि केबलची जाळी ते वातीसारखं ओढून घेते. एका पावसात काही मीटर केबल निकामी होऊ शकते आणि बाहेरून काही दिसत नाही. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल.

मध्य ८ ते १० मीटर उंच, दोन्ही बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, १२० च्या आसपास असेल तर उत्तम. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर, निदान ३ मीटर. प्रसारण चालू असताना डायपोलच्या टोकांवर सर्वाधिक व्होल्टेज असतं आणि थोड्या पॉवरवरही ते भाजतं. आणि विजेच्या तारा: अँटेना, खांब, दोरी यांतलं काहीही तुटून कुठल्याही दिशेला पडलं तरी त्यांना स्पर्श होणार नाही, एवढी जागा नसेल तर तिथे अँटेना लावू नका. याला दुसरा पर्याय नाही. वादळाचा अंदाज असेल तर केबल रेडिओपासून सोडवून घराबाहेर ठेवा.

आता जुळणी. नॅनोव्हीएनए हे खिशातलं मोजयंत्र या कामासाठी पुरेसं आहे. आधी ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन जोड लावून ते कॅलिब्रेट करा, मग ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ पट्टा लावून एसडब्ल्यूआरचा (अँटेना केबलशी किती जुळते याचं माप, १ सर्वोत्तम) आलेख बघा. समजा तळ ६.८५ वर मिळाला आणि तुम्हाला तो ७.१ वर हवा आहे. नवी लांबी म्हणजे १०.४ गुणिले ६.८५ भागिले ७.१, उत्तर १०.०३ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूनं ३७ सेंटिमीटर कमी. लगेच कापू नका, टोक इन्सुलेटरमधून मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. दोन्ही बाजू नेहमी सारख्याच कमी करा, आणि मोजमाप अँटेना तिच्या कायमच्या उंचीवर असतानाच घ्या. छातीएवढ्या उंचीवर जुळवलेली तार वर नेली की तळ सरकतो.

एसडब्ल्यूआर १.५ ला सुमारे ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.३ चा १.१ करायला दिवस घालवणं हा निव्वळ छंद आहे, समोरच्याला काही फरक कळत नाही. २ च्या पुढे मात्र आजचे बहुतेक रेडिओ स्वतःहून पॉवर कमी करू लागतात.

आलेख बिघडलेला दिसला तर असं वाचा. तळच नाही आणि सगळीकडे एसडब्ल्यूआर प्रचंड: कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलाय किंवा मधली पिन सोल्डरच झालेली नाही. केबल दोन्ही टोकांना सुटी करून मल्टिमीटरनं तपासा. केबलला हात लावला की आकडे नाचतात: चोक नाही किंवा वेढे कमी. आणि सगळ्यात फसवं म्हणजे सगळ्याच फ्रिक्वेन्सींवर सपाट, सुंदर, कमी एसडब्ल्यूआर. केबलमध्ये पाणी गेलंय. जाणारी आणि परत येणारी दोन्ही पॉवर केबलच खाते, म्हणून मीटर खूश दिसतो.

याच डायपोलवर १५ मीटर बँडही बऱ्यापैकी चालतो, कारण २१ मेगाहर्ट्झ म्हणजे ७ च्या तिप्पट. तळ थोडा वर सरकलेला असतो, रेडिओतला ट्यूनर (जुळणी करून देणारा भाग) तेवढं सांभाळून घेतो. जागा कमी असेल तर १४.२ मेगाहर्ट्झचा डायपोल फक्त १०.०७ मीटरचा होतो. तेवढीही नसेल तर ५ मीटरची उभी तार आणि तिच्या मुळाशी जमिनीवर पसरलेल्या डझनभर तारा. या खालच्या तारांना कात्री लावली की उभी अँटेना जमीन तापवत बसते.

रेडिओ आणि त्याचा वीजपुरवठा

आता रेडिओ. पहिला संच म्हणून १०० वॉटचा, शॉर्टवेव्हचे सगळे बँड असलेला, ट्यूनर आत असलेला, मधल्या दर्जाचा ट्रान्सीव्हर, जुना मिळाला तरी चांगला. ५-१० वॉटचे छोटे क्यूआरपी संच मोहक असतात, पण साध्या तारेवर आवाजात बोलताना नवख्याचा धीर सुटतो. मोर्स किंवा डिजिटल करणार असाल तर ५ वॉट भरपूर.

जुना संच घेताना तो डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या आणि पॉवर उष्णतेत घालवणाऱ्या रेझिस्टरवर, तपासा. डमी लोड घरी होतो: १ किलोओहम, २ वॉटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉट. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल ऑक्साइड फिल्मचे घ्या. तार गुंडाळलेले नकोत, ते रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर कॉइलसारखे वागतात. प्रत्येक बँडवर पॉवर नीट निघते का बघा, डायल फिरवताना उड्या मारते का बघा, आणि अर्धा तास चालू ठेवून फ्रिक्वेन्सी सरकत नाही ना हे तपासा.

१०० वॉटचा संच प्रसारणाच्या वेळी १३.८ व्होल्टवर २० ॲम्पिअरच्या आसपास खेचतो, म्हणून वीजपुरवठा २५-३० ॲम्पिअरचा. तारेची जाडी इथे बहुतेकांची चुकते. २ मीटर अंतरासाठी, म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर, १ चौरस मिलिमीटरची तार लावली तर २० ॲम्पिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट तारेतच जातात. बोलायला लागलात की दिवे मंद होतात, आवाज फाटतो, कधी संच बंदच पडतो. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच तोटा ०.३५ व्होल्टवर येतो. फ्यूज वीजपुरवठ्याच्या किंवा बॅटरीच्या टोकाशी लावा, रेडिओच्या टोकाशी नव्हे. तार मधेच शॉर्ट झाली तर वाचवायची तीच आहे.

गोंगाट

नवी अँटेना, नवा रेडिओ, आणि ४० मीटरवर मीटर एस७ वर चिकटलेला. एस७ च्या गोंगाटात एस५ चं स्टेशन पुरतं बुडतं, त्यामुळे हे आधी निस्तरायला हवं. रेडिओ बॅटरीवर चालवा आणि घराचा मुख्य स्विच पाडा. काटा धपकन खाली आला तर गुन्हेगार घरात आहे. एकेक एमसीबी चढवत जा, ज्याला काटा उसळतो त्या ओळीवरची उपकरणं एकेक करून काढा. बहुतेक वेळा मोबाइल चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, टीव्हीचा ॲडॉप्टर किंवा सौर इन्व्हर्टर सापडतो. साधा चार्जर बदला. बदलता न येणाऱ्याच्या वायरीचे ३१ नंबर फेराइटमधून निदान ६-७ वेढे घ्या. एकदाच वायर घालून मिटवलेली क्लिप शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवर जवळजवळ शोभेची असते.

मुख्य स्विच पाडूनही काटा हलला नाही तर गोंगाट बाहेरून येतोय. अँटेना शक्य तितकी इमारतीपासून दूर सरकवा, काही मीटरनंही फरक पडतो.

पहिला संपर्क

परवाना आणि कॉल साइन हातात आली की पहिल्याच दिवशी सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देऊ नका. कोणी दुसरा सीक्यू देत असेल त्याला उत्तर द्या. तो ऐकायलाच बसलेला असतो. त्याचं बोलणं संपलं की तुमची कॉल साइन एकदा, अल्फा-ब्राव्हो-चार्ली पद्धतीनं, सावकाश. त्याची कॉल साइन परत म्हणायची गरज नाही, त्याला ती ठाऊक आहे. त्यानं तुमची कॉल साइन घेतली की सिग्नल रिपोर्ट, नाव, गाव. ५९ म्हणजे स्पष्ट आणि जोरात. मीटरचा काटा ५ वर असेल तर ५५ द्या, सगळ्यांना ५९ वाटत सुटू नका. निरोपाला ७३.

स्वतः सीक्यू देताना आधी विचारा, ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का, दोनदा, मधे पाच-सहा सेकंद थांबून. चालू संभाषणाची एक बाजू तुम्हाला ऐकू येत नाही असं शॉर्टवेव्हवर नेहमी होतं. शेजारच्या संभाषणापासून ३ किलोहर्ट्झ लांब राहा. मग सीक्यू तीनदा, कॉल साइन दोनदा, आणि ऐका. मिनिटभर सीक्यू सीक्यू करत राहणाऱ्याला कोणी थांबून उत्तर देत नाही.

बोलताना एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हिरव्या पट्ट्याच्या आत ठेवा आणि मायक्रोफोनचा गेन त्याप्रमाणे कमी करा. गेन वाढवला की आवाज मोठा होतो हा गैरसमज. तो फक्त रुंद होतो, आणि शेजारच्या चार जणांना त्रास. संगीत, जाहिरात, सांकेतिक भाषेतले निरोप हे सगळं बंद. कॉल साइन किती मिनिटांनी सांगायची तो आकडा तुमच्या परवान्यात बघा.

कोणीच ऐकत नाही असं वाटलं तर एफटी८ या डिजिटल मोडवर तपासा. हा मोड २०१७ मध्ये आला. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी तो रचला. १५ सेकंदांच्या पाळ्या, जेमतेम ५० हर्ट्झ रुंदी, आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नलही संगणक वाचतो. ७.०७४ आणि १४.०७४ मेगाहर्ट्झ, दोन्हीकडे मोड यूएसबी, इथे एलएसबीचा प्रघात लागू नाही. संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. पडद्यावरच्या धबधब्यावर (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर) सिग्नल दिसतात पण एकही ओळ वाचली जात नाही, तर दहातल्या नऊ वेळा घड्याळच चुकलेलं असतं. साउंड कार्डची पातळी एएलसी हलायला लागण्याआधीच थांबवा आणि पॉवर ३० वॉटच्या आसपास ठेवा, कारण या मोडमध्ये रेडिओ १३ सेकंद पूर्ण भारावर चालतो. तुमचं सीक्यू कुठे कुठे पोचलं हे पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर काही मिनिटांत दिसतं. अँटेना कोणत्या दिशेला चांगली चालते याचा यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

हँडहेल्डबद्दल थोडंसं

१४५ मेगाहर्ट्झचा ५ वॉटचा हँडहेल्ड जवळच्या रिपीटरसाठी (सिग्नल पकडून पुन्हा प्रसारित करणाऱ्या स्टेशनसाठी) उपयोगी आहे, पण हौस म्हणून तो एकटा पुरत नाही. रिपीटर ऐकू येतो, पण तुम्ही बोललात की उघडत नाही, तर ऑफसेटची (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाची) दिशा आणि सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा हलका सूर) बघा. २ मीटरवर ऑफसेट बऱ्याच ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ, कधी वजा कधी अधिक. बटण दाबून एक सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द गायब होतो. सोबत आलेली आखूड रबरी अँटेना काढून ४९ सेंटिमीटरची पाव-तरंग अँटेना लावली की फरक लगेच कळतो. छतावर अँटेना नेणार असाल तर केबल जाड घ्या. ३० मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला सुमारे १ डेसिबल जातो, १४५ ला ५-६ डेसिबल, म्हणजे पॉवरचा चौथा हिस्सा वर पोचतो. ४३५ मेगाहर्ट्झला तर दहावा.

मोर्स, जमलं तर

सक्ती नसेल तरी शिका. कमी पॉवर, साधी तार आणि घरात बांधलेला छोटा संच यांतून जगभर पोचण्याची ती अजूनही सगळ्यात खात्रीची वाट आहे. टिंबं-रेघांचा तक्ता भिंतीवर लावून शिकू नका. तक्ता डोक्यात बसला की प्रत्येक अक्षर ऐकून आधी टिंबं मोजली जातात, आणि मिनिटाला आठ-दहा शब्दांच्या पुढे गाडी हलत नाही. कॉख पद्धत घ्या: पहिल्या दिवसापासून अक्षरांचा वेग मिनिटाला २० शब्दांचा, सुरुवात फक्त के आणि एम या दोन अक्षरांनी, ९० टक्के बरोबर येऊ लागलं की एक अक्षर वाढवायचं. रोज १५ मिनिटं, दोन वेळा केलं तर आणखी चांगलं, सलग दोन तास कधीच नाही. जड जायला लागलं तर अक्षराचा वेग कमी न करता दोन अक्षरांमधली जागा वाढवा. हातानं पाठवायचा सराव सगळी अक्षरं ऐकून ओळखता आल्यावरच सुरू करा. पहिला संपर्क ७.०३० किंवा १४.०६० मेगाहर्ट्झच्या आसपास शोधा. कमी पॉवरवाली मंडळी तिथे असतात, आणि तुम्ही सावकाश बोलावलंत तर तीही वेग उतरवून उत्तर देतात.